चाचांकडून हरायची पद्धत

महाडात ज्या माणसाने आयुष्यात कधी स्नूकरची स्टिक हातात धरलेली नाही, त्याचंही चाचांच्या खेळाविषयी ठाम मत असतं. गेल्या हिवाळ्यात तर असं मत नसलेला माणूस परगावचा वाटायला लागला होता. सलूनमध्ये गळ्याभोवती कापड गुंडाळून बसलेला माणूस मान न हलवता सांगायचा, "वय झालं आता. नजर गेली." त्याची दाढी करणारा वस्तरा थांबवून म्हणायचा, "नजर गेली तरी हात हाय ना. हात जात नाय." एसटी स्टँडसमोरच्या चहावाल्याच्या मते चाचा आजही कोणालाही हरवू शकतात, फक्त त्यांनी मनावर घेतलं पाहिजे. हा मनावर घेण्याचा सल्ला तो गेली कित्येक वर्षं क्रिकेटपटूंपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांना देत आला आहे. त्याच्या स्वतःच्या चहाच्या बाबतीत त्याने तो अजून मनावर घेतलेला नाही.

मी या चर्चेत गप्प असायचो. खरं तर या विषयावर बोलायचा माझ्याइतका अधिकार दुसऱ्या कोणाला नव्हता. चाचांकडून मी जितक्या वेळा हरलो, तितक्या वेळा महाड आणि पोलादपूर दोन्ही तालुक्यांत कोणी हरलेलं नाही.

चाचा नात्याने माझे कोणी नव्हेत. ते महाडच्या बाजारपेठेतले, मी पोलादपूरच्या वरच्या अंगाचा, डोंगरातल्या वाडीचा. तरुणपणी ते आखातात गेले आणि एका कंपनीच्या गोदामात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. तिथल्या परदेशी कामगारांच्या क्लबात ते स्नूकर शिकले आणि त्या शहराच्या स्पर्धेत लागोपाठ तीन वर्षं पहिले आले. याचा पुरावा त्यांच्या हॉलमध्ये टांगलेला आहे. लांब कल्ले राखलेला एक सडपातळ माणूस स्वतःच्या पोटाएवढा कप धरून उभा आहे आणि कप देणारा शेख भलतीकडेच बघतो आहे. चाचा कायमचे परत आले तेव्हा त्यांच्या बरोबरीचे लोक टीव्ही, ब्लँकेटं, अत्तरं घेऊन आले. चाचांनी बारा फूट लांबीचं टेबल आणलं. पाच दगडी पाट्या, आठ पाय, ट्रकभर लाकूड. चाचींनी शिलाई मशीन आणायला सांगितलं होतं. ते अजून आलेलं नाही, हे त्या कोणाही नव्या पाहुण्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात.

घराच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये टेबल लागलं. मग एका पावसाळ्यात सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, हॉलची नदीकडची फरशी खचली आणि त्या बाजूचे टेबलाचे पाय बोटभर खाली गेले. तेव्हापासून टेबलाला उतार आला. चेंडू हळू मारला की तो जाता जाता नदीकडे कलायचा, जणू त्याला घरी जायचं आहे. नंतरच्या मोठ्या पुरात पाणी थेट टेबलावरून गेलं. पाट्या बाहेर काढून उन्हात ठेवल्या, लाकूड सुकवलं, नवं हिरवं कापड चढवलं, आणि सगळं पुन्हा जोडल्यावर उतार पूर्वीइतकाच निघाला. फक्त चाचांसमोर त्याचं नाव काढायचं नाही. एकदा कोणीतरी काढलं होतं. "उतार टेबलाला नाय, तुझ्या हाताला हाय," चाचा म्हणाले आणि त्या माणसाला महिनाभर चहा विचारला नाही.

मी अकरावीसाठी महाडला आलो तेव्हा माझ्याकडे दहावीचे बरे गुण आणि एक पत्र्याची पेटी होती. राहायला जागा नव्हती. वाडीतून रोज जाऊन येऊन करायचं तर दिवसाला एकच एसटी, आणि तीही तिला वाटलं तर. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे पुढे गेल्यावर राहायचं कुठे हा प्रश्न कोणाच्या डोक्यातही आला नव्हता. बाबा नाचणीचं पोतं विकायला बाजारात गेले असताना त्यांनी हे एका दुकानदाराला सांगितलं. शेजारी चाचा उभे होते. त्यांनी विचारलं, "पोरगा अभ्यास करतो काय?" बाबा म्हणाले, "दुसरं काय येतच नाय त्याला."

हॉलला लागून एक खोली होती, तिथे जुन्या स्टिक आणि एक पंखा होता. चाचांनी स्टिक हलवल्या, पंखा ठेवला. भाडं घेणार नाही म्हणाले. अट एकच: रोज दुपारच्या नमाजानंतर त्यांच्याबरोबर एक फ्रेम, म्हणजे एक डाव, खेळायची. मला स्नूकर म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. "शिकशील," ते म्हणाले. "पंधरा लाल बॉल, एकाला एक गुण. सहा रंगीत, काळा सगळ्यांत मोठा, सात गुण. लाल घातला की एक रंगीत मारायचा, तो परत टेबलावर येतो. शेवटी टेबलावर काळाच उरतो. आणि एक नियम लक्षात ठेव. स्वतःचा फाउल स्वतः सांगायचा. कोणी बघितला नाय तरी. शर्टाची बाही लागली बॉलला तरी." अकरावीत असल्यापासून ते मला 'बीकॉम' म्हणायला लागले. पदवी मला पुढे पाच वर्षांनी मिळाली, पण हाक आधी मिळाली होती. त्या हाकेला जागायचं म्हणूनच मी पास झालो असं मला अजून वाटतं.

पहिलं वर्षभर मी खरोखर हरलो. दुसऱ्या वर्षी एका दुपारी माझ्या लक्षात आलं की मी जिंकणार आहे.

हॉलमध्ये तेव्हा सात-आठ जण बाकावर बसलेले होते. बाकावरची ही माणसं कोण असायची ते सांगायला हवं. आखातात चाचांच्या ओळखी होत्या. त्यांनी एक फोन केला की तिकडे कोणाला ड्रायव्हरची, कोणाला स्टोअरची जागा मिळायची. यासाठी ते कोणाकडून काही घेत नसत, आणि तीच खरी अडचण होती. पैसे घेणाऱ्या माणसाला पैसे देऊन मोकळं होता येतं. चाचांना काय द्यायचं? तर महाड, दासगाव, बिरवाडीकडच्या तरुणांनी यावर एक तोडगा काढला होता. ते येऊन चाचांकडून हरायचे. मनापासून, मेहनतीने हरायचे. चारसहा फ्रेम व्यवस्थित हरलं की आढेवेढे न घेता नोकरीच्या अर्जाचा कागद पुढे सरकवायचा.

हरायचीही एक पद्धत होती. फार मोठ्या फरकाने हरायचं नाही, तो अपमान. शेवटच्या काळ्यापर्यंत खेच आणायची आणि तिथे चुकायचं. चुकल्यावर कपाळावर हात मारायचा नाही, ते नाटकी दिसतं. नुसतं छताकडे बघायचं. आणि "नशीब तुमचं" असं कधीही म्हणायचं नाही. "हात तुमचा, चाचा," असं म्हणायचं. मी बाकाशेजारच्या खोलीत दोन वर्षं अकाउंटन्सी पाठ करत होतो, पण कानावर हेही शास्त्र पडत होतं.

त्या दुपारी काळा माझ्यासमोर होता, सोपा. बाकावरचे सगळे माझ्याकडे बघत होते. कोणीतरी खोकलं. माझी पेटी, पंखा आणि बारावीची परीक्षा माझ्या डोळ्यांपुढे आली. मी बॉल मारला. फक्त उतार धरला नाही. अगदी सरळ, पुस्तकात दाखवतात तसा, हळू मारला. टेबलाने उरलेलं काम केलं. काळा जाता जाता नदीकडे कलला आणि भोकाच्या कडेला लागून परत आला.

"हात तुमचा, चाचा," मी म्हणालो.

ती माझी खास पद्धत ठरली. दुसऱ्यांना चुकायला नाटक करावं लागायचं, मला नाही. मी प्रत्येक फटका सरळ मारायचो आणि तो आपोआप चुकायचा. यात मला कुठेतरी प्रामाणिकपणाही वाटायचा, आणि हाच त्यातला सगळ्यांत लाजिरवाणा भाग आहे. पदवी झाली, औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली, मी बिरवाडीला राहायला गेलो, लग्न झालं. फ्रेम सुटली नाही. रोजच्याऐवजी दर रविवारी, एवढाच फरक. चाचा जिंकायचे, चाची चहा द्यायच्या, आणि मी उपकार फेडल्याच्या समाधानात मोटारसायकलला किक मारायचो.

दरम्यान जग बदललं. आता आखातात जायला कोणाला चाचांचा फोन लागत नाही. मोबाईलवर अर्ज भरतात, मुलाखतही मोबाईलवरच होते. बाकावरची माणसं हळूहळू यायची बंद झाली. शेवटी बाक चाचींनी वाळवणासाठी अंगणात नेला.

गेल्या दिवाळीनंतर महामार्गालगत नवा हॉल निघाला. काचेचा दरवाजा, एसी, चार टेबलं, बाहेर 'अकादमी' अशी पाटी. मालक मुंबईत राहून आलेला, दंडावर वाघ गोंदवलेला तरुण. त्याने स्पर्धा जाहीर केली आणि स्वतः चाचांना निमंत्रण द्यायला आला. "अंकल, तुम्ही तर लेजंड आहात," तो म्हणाला. "तुम्ही फक्त यायचं. बसायचं. बक्षीस तुमच्या हातून."

"बसायचं?" चाचा म्हणाले. "बसायला मी काय सोफा हाय काय?"

हे सगळं व्हिडिओ कॉलवर त्यांचा मोठा मुलगा ऐकत होता. तो आखातातच असतो. दोन वर्षांपासून त्याचा एक धोशा चालू होता: टेबल काढा, हॉलमध्ये फरशांचं शोरूम टाकू. त्याचंही चूक नव्हतं. पुरानंतर महाडात ज्याच्या त्याच्या घरात नवी फरशी बसत होती.

"अब्बा, तुम्ही अजून खेळता हे मान्य," तो पडद्यातून म्हणाला. "पण कोणाबरोबर खेळता? त्या बीकॉमबरोबर. त्याला तर माझी पाच वर्षांची पोरगीसुद्धा हरवेल."

मी तिथेच उभा होतो. त्याला दिसत नव्हतो.

चाचांनी स्टिक भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "ठीक हाय. मी स्पर्धेत उतरतो. पहिली फेरी जिंकलो तर टेबल हितंच राहणार, पुन्हा विषय नाय काढायचा. हरलो तर तू सांगशील त्या दिवशी माणसं पाठव. शब्द दिला." फोन ठेवल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझं पण नाव टाकतो. बाहेरचं टेबल कसं असतं ते बघ जरा. आयुष्यभर एकाच विहिरीत काय पोहतोस?"

चाची आतून म्हणाल्या, "पहिल्या फेरीत हरा म्हणजे मला कपडे वाळत घालायला जागा होईल."

अशा रीतीने, चाचा आज टिकतील का, हा चहाच्या टपरीवरचा प्रश्न एका टेबलाच्या जिवावर बेतला. आणि शहर आणखी जोरात मतं देऊ लागलं, कारण त्यात त्याचं काही जाणार नव्हतं.

जोड्या लावायला मालकाने हेल्मेटमध्ये चिठ्ठ्या टाकल्या. पहिली चिठ्ठी चाचांची निघाली. दुसरी माझी.

हॉलमध्ये हशा पिकला. मालक म्हणाला, "वा, गुरू-शिष्य!" सलूनवाला म्हणाला, "झालं, चाचा दुसऱ्या फेरीत." मला मनातून बरं वाटलं. महाडात एकच माणूस असा होता की ज्याच्यावर हरण्याच्या बाबतीत डोळे मिटून विश्वास टाकता येईल, आणि नेमकी त्याचीच चिठ्ठी निघाली होती. पहिल्या फेरीत एकच फ्रेम. टेबल वाचलं.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती वाडीतून म्हणाली, "काय रे, त्याने तुला शिकवलान्, आता तू त्याला शिकवायला नको जाऊस."

"नाय गो आये," मी म्हणालो. "माझं ठरलंय."

रविवारी सकाळी अकरा वाजता सामना सुरू झाला. चाचांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, चष्मा दोरीने गळ्यात अडकवला होता. मी नेहमीप्रमाणे पहिला फटका सरळ आणि हळू मारला, म्हणजे तो चुकावा.

लाल बॉल भोकात गेला.

मला वाटलं योगायोग. आता काळा घ्यायचा होता. तोही मी नेहमीसारखा, सरळ मारला. तोही गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग माझ्या ध्यानात आलं की हे टेबल सपाट आहे. सरळ मारलेला बॉल इथे सरळ जातो! पंधरा वर्षं मी चुकायचा म्हणून जो फटका घोटला होता, तो जगातल्या इतर सगळ्या टेबलांवर अचूक फटका होता.

आणि चाचांचं उलटं झालं. त्यांचा हात प्रत्येक वेळी उतार धरत होता. सावित्री डावीकडे धरून ते बॉल उजवीकडे मारायचे, आणि इथे तो बॉल ओढायला सावित्री नव्हती. एकामागून एक फटके भोकाच्या शेजारी जाऊन आदळत होते. सलूनवाला म्हणाला, "नजर गेली." दाढी करताना त्याचं मत उलटं होतं, पण आज तो पक्षांतर करून आला होता.

मी हरायचा जिवापाड प्रयत्न करत होतो. बॉल जोरात मारला की तो तीन कडांना आपटून भलत्याच भोकात जायचा. मालक "व्हॉट अ शॉट!" म्हणून ओरडायचा. मी तीसेक गुणांनी पुढे गेलो. आयुष्यात इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं, बारावीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा नाही. कोणीतरी मोबाईलवर चित्रण करत होतं. चाचांचा मुलगा तिकडून बघत होता.

अर्ध्या फ्रेमनंतर चाचा थांबले. त्यांनी स्टिक टेकवली, खाली वाकून टेबलाच्या कडेला डोळा लावला आणि बराच वेळ नुसतं बघत राहिले. मग उठले आणि खेळायला लागले. एक लाल, निळा. एक लाल, काळा. आता त्यांचा बॉल सरळ जात होता. मीही तोपर्यंत स्टिक घसरवून, पांढऱ्याला वेडावाकडा लावून चुकायला शिकलो होतो. त्यामुळे ते जे वर आले ते त्यांच्या खेळाने किती आणि माझ्या मेहनतीने किती, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. पण शेवटी काळा एकटा उरला तेव्हा ते पाच गुणांनी पुढे होते आणि पाळी त्यांची होती.

काळा लांब होता. चाचा टेबलावर ओणवे झाले. चष्म्याची दोरी लोंबत होती. ती हलली आणि पांढऱ्या बॉलला चाटून गेली. बॉल तसूभरही हलला नाही. मी पाहिलं. माझ्याशिवाय कोणी पाहिलं नाही. पंच असलेला मालक स्वतःचा फोटो काढत होता.

चाचांनी काळा मारला. तो इतका स्वच्छ गेला की भोकाच्या कडेला लागलासुद्धा नाही.

हॉल दणाणला. चहावाला ओरडला, "मनावर घेतलं! सांगत होतो ना!" मी हात पुढे केला आणि सवयीने म्हणालो, "हात तुमचा, चाचा."

चाचांनी हात धरला नाही. ते मालकाकडे वळले. "फाउल," ते म्हणाले.

"कोणाचा, अंकल?"

"माझा. दोरी लागली पांढऱ्याला. काळ्यावरचा फाउल, सात गुण त्याचे."

"अंकल, कोणी पाहिलं नाही. जाऊ दे ना."

"मी पाहिलं ना. की मी कोणीच नाय?"

मी म्हणालो, "चाचा, मला नाही दिसली दोरी." पंधरा वर्षांत त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं खोटं नव्हतं, पण तोंडाने बोललेलं पहिलंच होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादा अवघड फटका वाचावा तसं. मग स्टिकचे दोन भाग सोडवून त्यांनी पिशवीत घातले. शेवटच्या काळ्यावर फाउल झाला की फ्रेम तिथेच संपते; मी दोन गुणांनी जिंकलो होतो. दुसऱ्या फेरीत मी एका बारावीतल्या मुलाकडून हरलो. त्यासाठी काहीच मेहनत घ्यावी लागली नाही.

चाचांच्या मुलाने त्याच संध्याकाळी फरशीवाल्याला उद्याचा सोडून त्यापुढच्या सोमवारची वेळ दिली. मधल्या रविवारी मी नेहमीप्रमाणे गेलो. चाचा टेबलापाशीच उभे होते.

"बीकॉम," ते म्हणाले, "तू तिथे सगळे बॉल सरळ मारत होतास."

"हो."

"इथे पण सरळच मारतोस. पंधरा वर्षं. ह्या टेबलाला उतार हाय, तो तुला एवढ्या वर्षांत कळला नाय?"

उतार हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. त्यांनी स्वतःचा फाउल सांगितला होता आणि आता पाळी माझी होती.

"कळला होता," मी म्हणालो. "बारावीत कळला."

"म्हणजे बारावीपासून..."

"हो."

"सगळ्या?"

"सगळ्या, चाचा."

त्यांनी रिकाम्या जागेकडे पाहिलं, जिथे पूर्वी बाक होता. "आणि ते बाकावरचे?"

चाची दारात उभ्या होत्या, हातात चहाचे कप. "मला विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. "लोक हरून घरी जाताना हसत कशाला जातील?"

मला वाटलं ते आता मला हाकलून देतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांनी खोलीतून माझी जुनी स्टिक आणून माझ्या हातात दिली. "उद्या मिस्त्री येणार. आज एक खरी खेळ. उतार धरून. मला बघायचंय मी कुठे हाय."

मी खेळलो. मी हे लिहून ठेवतो, कारण सांगून उपयोग झाला नाही: त्या दिवशी मी होती नव्हती ती सगळी अक्कल लावून खेळलो. उतार धरला, श्वास रोखला, प्रत्येक बॉलला दोनदा वाकून पाहिलं. चाचाही तसेच खेळत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि एकदा लाल चुकल्यावर त्यांनी आखातातली एक शिवी दिली, जी मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. खेळ काळ्यापर्यंत आला. मी चार गुणांनी मागे होतो आणि काळा माझ्यासमोर होता. बारावीच्या वर्षी होता तसाच, सोपा.

मी उतार मोजला. नदीच्या उलट बाजूला दोन बोटं धरली. हळू मारला.

काळा कलत कलत गेला, भोकाच्या कडेला लागला आणि परत आला.

मी छताकडे पाहिलं. मुद्दाम नाही. पंधरा वर्षांची मान आपोआप वर गेली.

चाचांनी काळा भोकात घातला आणि स्टिक टेबलावर ठेवली. "आज पण?" त्यांनी विचारलं.

"नाही चाचा. आज खरं खेळलो. आईशप्पथ."

"शपथ घेऊन हरणारा माणूस पहिल्यांदा बघतो," ते म्हणाले आणि चहा प्यायला बसले.

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं. जितकं सांगावं तितकं ते जुन्या बाकावरच्या माणसासारखं वाटत गेलं. घरी जाताना बिरवाडीच्या फाट्यापर्यंत मी हिशेब करत राहिलो की मी दोन बोटं का धरली. अडीच धरायला हवी होती, हे मला माहीत होतं. माहीत असून हाताने दोनच धरली, की मी खरोखर चुकलो? अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो. टेबल सुटं झालं होतं. पाच पाट्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या आणि चाचींनी त्यातली एक कपडे धुवायला आधीच राखून ठेवली होती. फरशीवाला मिस्त्री पाण्याची नळी घेऊन जमिनीची पातळी बघत होता. नळीचं एक टोक त्याने रस्त्याकडच्या भिंतीशी धरलं, दुसरं नदीकडच्या, आणि शीळ घातली.

"अरे बापरे," तो म्हणाला. "चांगली चार बोटं उतार हाय की हो इथे. चाचा, एवढी वर्षं तुम्हाला कोणी बोललं नाय?"

चाचांनी माझ्याकडे न बघता भिंतीवरचा फोटो खाली काढला आणि सदऱ्याच्या टोकाने त्याची काच पुसली.

"इथे सगळी शिकलेली माणसं यायची," ते म्हणाले. "बोलेल कोण?"